छापलंय का?

आमच्या घरमालकांना कुणी काहीही सांगितलं की ते एकच प्रश्न विचारायचे, "छापलंय का?"

पलीकडच्या आळीतली म्हातारी वारली. "छापलंय का?" मैदानात अमका पैलवान चीत झाला. "छापलंय का?" एकदा त्यांच्याच शेगडीची ठिणगी उडून त्यांच्याच कापसाला लागली आणि मी माडीवरून बोंबलत खाली आलो, "चाचा, आग! आग!" तर शपथेवर सांगतो, त्या माणसानं माझ्याकडं वळून आधी "छाप..." म्हटलं आणि मग बादली उचलली. माझे काही मित्र म्हणतात बादली आधी उचलली. ते तिथं नव्हते. मी होतो आणि मी पळत होतो, त्यामुळं मला सगळं नीट दिसलं.

हे सगळं महाराजांच्या अमदानीतलं. कोल्हापुरात तेव्हा स्वदेशीचं वारं असं सुटलं होतं, की विलायती साबणानं आंघोळ केलेला माणूस वासावरून ओळखू येई आणि त्याला पाटावर बसवायचं की ओट्यावर, यावर घरोघरी खल चाले. मी आजऱ्याहून मॅट्रिकला बसायला आलो होतो. इतक्या वेळा बसलो की परीक्षक बदलले, पेपर तपासायची रीत बदलली, मी बदललो नाही. शेवटी पोट भरायला एका चारपानी साप्ताहिकात चिकटलो. दर शनिवारी निघायचं. मालक, संपादक आणि चिडणारा असा एकच माणूस होता. खिळे जुळवायला एक म्हातारा जुळारी होता. बाकी सगळं साप्ताहिक म्हणजे मी.

राहायला जागा मिळाली चाचांच्या माडीवर. चाचा धंद्यानं पिंजारी होते आणि दाढीनंही, कारण त्या दाढीत कापूस किती आणि केस किती हे चाचींनाही सांगता आलं नसतं. खालच्या सोप्यात छताला टांगलेली पुरुषभर लांबीची लाकडी कमान, तिला ताणून बांधलेली आतड्याची तात, आणि त्या तातेवर लाकडी ठोकळ्याचा टोला. टण्ण, तंग, टण्ण! वर्षानुवर्षं माणसांखाली दबून ढेकूळ झालेला कापूस त्या थरथरत्या तातेला लागला, की दूध उतू जावं तसा वर यायचा. दिवसभर हेच. मी त्या टणत्कारावर वरती लेख लिहायचो. माझ्या त्या काळच्या लेखांत दर चौथ्या शब्दानंतर उद्गारचिन्ह आहे, त्याचं कारण वाङ्मयीन नाही.

चाचांना शिंक आली की पंचगंगेच्या घाटावरची कबुतरं उडायची. तुम्हाला ही अतिशयोक्ती वाटेल. मी उलट काही कबुतरं कमी सांगतोय.

त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं. म्हणून आमच्यात ठरलं, की मी खोलीचं भाडं द्यायचं नाही, दर शनिवारी पेपर वाचून दाखवायचा. तो सोहळा असे. चाचा दाढी झटकायचे, हातपाय धुवायचे, स्वच्छ घोंगडं अंथरायचे. सोप्यात गाद्या न्यायला आलेली गिऱ्हाइकं असली तरी त्यांनी गप्प बसून ऐकायचं. मथळ्यापासून 'हे पत्र अमक्या छापखान्यात छापून प्रसिद्ध केले' या शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचायचं. ती शेवटची ओळ चाचांना सर्वांत आवडायची. ती ऐकून ते "वा!" म्हणायचे. आणि वाचून झालेला अंक ते स्वतःच्या झोपायच्या गादीत भरायचे. लोकांना मऊ कापसाच्या गाद्या करून देणारा हा माणूस स्वतः वर्तमानपत्रांवर झोपायचा. कूस बदलली की माडीवर मला कुरकुर ऐकू यायची.

मी एकदा विचारलं, "चाचा, छापलेलं सगळं खरंच असतं का हो?"

"तर!" ते म्हणाले. "बोलायला काय लागतंय? जीभ. ती कुत्र्यालाबी हाय. छापायला शिसं लागतंय, छापखानं." मला ते छापखानं म्हणत, माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. "शिसं वितळवायचं, त्येचं खिळं पाडायचं, एकेक जुळवायचं, शाई लावायची, दाबायचं. खोटं बोलायचं म्हटल्यावर एवढा उपद्व्याप कोण करंल? आन् दरबारचा हुकूम बघ. छापून चावडीला लागला की तसंच हुतंय का न्हाय?"

"होतं."

"मग झालं तर."

एवढा उपद्व्याप करणारा माणूस त्यांच्यासमोर मांडी घालून त्यांचीच भाकरी खात होता. पण तोंडात घास असल्यामुळं मी बोललो नाही.

आता माझ्या उपद्व्यापाबद्दल. मालकांनी मला पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं, "राजकारणावर एक अक्षर लिहायचं नाही. पोलिटिकल एजंटाचा कारकून आपला अंक भिंग लावून वाचतो. उद्योगावर लिहा. शाई, बटणं, साबण. साबणावर लिहून आजवर कुणी तुरुंगात गेलेलं नाही."

म्हणून मी 'उद्योगी पुरुष' हे सदर सुरू केलं. दर आठवड्याला एका अशा माणसाची हकीकत, की ज्यानं नोकरीवर लाथ मारून धंदा काढला आणि वर आला. लिहिणाऱ्याचा धंद्यातला अनुभव सांगायचा तर लहानपणी आजऱ्याच्या बाजारात भाजलेले काजू विकायला बसलो होतो, आणि पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत सगळा माल खाऊन टाकला होता. तरी सदर झोकात चाललं. पहिले तीन आठवडे खरी माणसं मिळाली. चौथ्या आठवड्यात खऱ्यांचा साठा संपला. छपाई तर शुक्रवारी. मग काय करता? माणसं तयार केली.

त्यांचा साचा ठरलेला. हातात एक कढई, घरात अठरा विश्वे दारिद्र्य, शेजारी हसताहेत, बायको रडतेय, हा ढवळतोय. शेवटच्या परिच्छेदात कौलारू घर आणि दारात घोडागाडी. मधे काय होतं ते मलाही माहीत नव्हतं. तिथं मी 'अविश्रांत परिश्रमांनी' असं लिहायचो आणि पुढं जायचो.

आणि लोकांनी ते वाचलं हो! आमच्या आळीतल्या मराठी शाळेच्या मास्तरांनी हिरड्याच्या शाईचा कारखाना काढला. ती शाई कागदावर उमटत नव्हती, पण पोरांच्या बोटांवरून चार महिने निघाली नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं करवंटीची बटणं सुरू केली. एकेक बटण असं वजनदार, की सदरा घातला की माणूस पुढं झुकायचा. त्या दिवसांत आमची सगळी आळी नम्र दिसे. मग एकदा अंकात तीन ओळींची जागा उरली, म्हणून मी दुसऱ्या एका पत्रातून उचलून 'कुठंतरी आगकाड्यांचा कारखाना बुडाला' अशी बातमी घातली. रविवारी सकाळी बघतो तर मास्तर शाईची पिंपं गटारात ओतताहेत आणि शिंपी बटणं चुलीत घालतोय. पुढच्या शनिवारी माझा नवा उद्योगी पुरुष आला, की मास्तर पुन्हा हिरडे वाटायला लागले. एकाच माणसानं पुढं ढकलायचं, त्यानंच मागं ओढायचं, असा आमच्या आळीचा पाळणा झाला होता. मला त्या वेळी याचा अभिमान वाटायचा, हे लिहायला आज लाज वाटते. थोडीच वाटते, पण वाटते.

चाचा या सगळ्यात नव्हते. ते ऐकायचे, "वा!" म्हणायचे आणि उठून कापूस पिंजायला लागायचे. मग मी कुरुंदवाडचा साबणवाला लिहिला.

कुरुंदवाड मी मुद्दाम निवडलं. ते संस्थान निराळं. आपल्या दरबारचा शिपाई तिथं चौकशीला जाणार नाही आणि आपल्या आळीतला माणूस नद्या ओलांडून साबण बघायला जाणार नाही, असा माझा हिशेब. एक गृहस्थ. एक कढई. खोबरेल, पापडखार, चुन्याची निवळी, असं कुठल्याशा जुन्या मासिकात अर्धवट वाचलेलं सगळं त्यात ओतलं आणि वरून चमचाभर मध घातला, कारण मला मध आवडतो. शेजारी हसले. बायको रडली. अविश्रांत परिश्रम झाले. घर कौलारू झालं, दारात दोन घोड्यांची गाडी आली. एवढ्यात जुळाऱ्यानं आतून हाक मारली, "दोन ओळी कमी पडत्यात!"

मी म्हटलं, "अंगणात मोर नाचतो, असं घाला."

शनिवारी चाचांना वाचून दाखवलं. संपल्यावर ते "वा!" म्हणाले नाहीत. म्हणाले, "पुन्यांदा वाच. मोराचं."

मी वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचलं. चाचा उठले, कमानीपाशी गेले, तातेवर नुसतं बोट ओढलं आणि म्हणाले, "पन्नास वरसं मी दुनियेला झोपवत आलो. आता माझा जागं व्हायचा टाइम झाला. साबण करायचा."

मला वाटलं, हे खूळ उतरेल. पण तिसऱ्या दिवशी त्यांनी बोर्डिंगातल्या पोरांच्या गाद्यांचं मोठं काम 'आता पिंजण बंद' म्हणून परत पाठवलं. आणि बिद्रीला त्यांचे साडू होते, तेही पिंजारी, त्यांना सांगावा धाडला, की पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी गाडी घेऊन या आणि कमान घेऊन जावा.

त्या दुपारी चाची माडीवर आल्या. मी तिथं राहायला आल्यापासून त्या पहिल्यांदाच जिना चढल्या असतील. दारातच उभ्या राहिल्या.

"ही कमान माझ्या सासऱ्याची," त्या म्हणाल्या. "हिच्यावर आमच्या चार लेकी उजवल्या. म्हातारपणी ह्येंच्या हाताला दुसरं काय येतंय? तूच लिवलंस न्हवं? मग खरं सांग. हाय का त्यो माणूस?"

आता खरं बोलायला याहून चांगली वेळ कोणती? पण मला दिसली ती मालकांची मुद्रा, गेलेली नोकरी, आणि सगळ्या आळीनं हिरडे घेऊन माझ्या मागं लागणं. मी म्हणालो, "आहे, चाची."

"मोर?"

माणसाबद्दल खोटं बोलताना काही झालं नव्हतं. मोराच्या वेळी घशात काहीतरी अडकलं. पीस असावं. "मोरही आहे."

चाचींनी पदर कमरेला खोचला. "मग झ्याक झालं की. त्येस्नी घिऊन जा कुरुंदवाडला. डोळ्यानं बघू द्यात आन् मग काय ते करू द्यात."

अशा रीतीनं, जगात नसलेल्या माणसाला भेटायला मी निघालो. आगगाडीनं निम्मी वाट, तिथून बैलगाडी, पुढं नाव. चाचांच्या मांडीवर एक उशी होती. त्यांनी आठवडाभर खपून, निवडून निवडून घेतलेल्या कापसाची, पांढरीशुभ्र उशी.

"ही कुणाला?" मी विचारलं.

"साबणवाल्याला. मोठ्या माणसाकडं रिकाम्या हातानं जायचं व्हय?"

आगगाडीत मी ठरवलं, उतरल्यावर सांगू. उतरल्यावर ठरवलं, बैलगाडीत सांगू. बैलगाडीत हिसके इतके बसत होते की कबुलीजबाबाचं एक वाक्य सलग आलं नसतं. नावेत सांगू म्हटलं, तर चाचांना पोहता येत नव्हतं आणि मलाही येत नव्हतं, आणि दोघांपैकी कोण कुणाला आधी ढकलेल हे सांगता येईना. कुरुंदवाडच्या घाटाला नाव लागली तेव्हा माझ्याजवळ एकच आशा उरली होती, की इथं कुणाला काही माहीत नसेल, आपण म्हणू, 'गाव सोडून गेले वाटतं', आणि परत फिरू.

घाट चढून वर आलो. पहिल्याच दुकानात चाचांनी विचारलं, "साबणवालं कुठं ऱ्हात्यात वो?"

दुकानदार मानही वर न करता म्हणाला, "असं सरळ जावा की अण्णा. डाव्या अंगाला तिसरं घर. धूर दिसंल."

चाचांनी माझ्याकडं बघितलं, "बघ, हाय का न्हाय!" मी भिंत धरली. मी लिहिलेली माणसं उठून राहायला लागली असतील, तर जुन्या अंकांतला बटणवाला आणि त्याची चिडकी सासूही कुठंतरी असणार, आणि तिच्याबद्दल मी फार वाईट लिहिलं होतं.

तिसऱ्या घराच्या अंगणात, कपडे भट्टीला घालतात तसल्या मोठ्या भांड्यात एक मध्यम वयाचा परीट काहीतरी ढवळत होता. वास असा, की माझ्या नाकातले केस आजही त्या दिशेला वळलेले आहेत. आम्हाला बघून त्यानं ढवळणं थांबवलं नाही.

"या, पावणं. कोल्हापूरचं न्हवं? बसा."

"तुम्हीच पेपरातलं साबणवालं?" चाचांनी उशी पुढं करत विचारलं.

परिटानं उशी घेतली, दाबून बघितली, आणि बाजूच्या कट्ट्यावर अदबीनं ठेवली. मग म्हणाला, "खरं सांगू का पावणं? म्या हितं गप आपली धुणी भट्टीला घालत हुतो. एक दीस एक पावणा आला, साबणवालं तुम्हीच का? म्हटलं, न्हाय. दुसरा आला. न्हाय. तुमच्या कोल्हापूरची रांगच लागली. सात जणांस्नी न्हाय म्हटलं. आठवा म्हणाला, अवो छापून आलंय! मग माजीच मला शंका आली. एवढी शिकलेली माणसं म्हणत्यात, तर आपुनच असू. त्या आठव्यालाच विचारलं, बाबा, पेपरात साबण कसा केलाय मी? त्येनं सांगितलं. तसा करतोय."

"मधबी घालतासा?" चाचांनी विचारलं.

"चमचाभर. मुंग्या लागत्यात, पण लिवलंय म्हटल्यावर घालाय पायजे की."

"आन् घोडागाडी? मोर?"

"कुठली गाडी आन् कुठला मोर!" परिटानं दोन्ही हात पुढं केले. बोटांची कातडी पांढरी पडून सोललेली होती, कोपरापर्यंत लाल चट्टे. "चुन्याच्या निवळीनं हे हात बघा. ढवळताना कसं धरायचं, हात कसं राखायचं, त्ये काय त्या पेपरवाल्यानं लिवलं न्हाय बगा. भेटू दे एकदा."

तो पेपरवाला त्याच्यापासून हातभर अंतरावर होता. चाचा त्या हातांकडं बघत राहिले. आणि मला काय झालं देव जाणे, कदाचित तो वास डोक्यात गेला असेल, मी बोलून गेलो, "मीच तो. माणूस, कढई, मध, मोर, सगळं मी बसल्या जागी रचलं. चाचा, सगळं खोटं आहे. कमान देऊ नका."

परीट ढवळायची काठी हातात घेऊन एक पाऊल पुढं आला, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि मारण्यासारखं त्यात काही दिसलं नसावं, म्हणून मागं गेला.

चाचा शांतपणे म्हणाले, "छापलंय का?"

"अं?"

"हे खोटं हाय म्हणून छापलंय का?"

"नाही, पण मी सांगतोय ना! मीच लिहिलं!"

"तू तोंडानं सांगतोयस. त्ये शिशानं छापलंय. मी कुणाचं ऐकू? रविवारी बिद्रीचं पावणं येणार. त्येच्या आत छापून आण. न्हाईतर कमान गेली."

परतीच्या वाटेत ते बोटांवर रविवारपर्यंतचे दिवस मोजत होते.

मालकांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठले, बसले आणि पुन्हा उठले. "आम्ही खोटं लिहिलं, असं आजवर कुठल्या पत्रानं छापलंय? उद्या लोक मागच्या लेखांबद्दलही विचारतील!"

"विचारतील," मी म्हणालो.

"त्यांतही...?"

मी जमिनीकडं बघितलं. मालक तिसऱ्यांदा उठले आणि "दुरुस्ती छापायची नाही" एवढं बजावून, उपरणं झटकून निघून गेले.

शुक्रवारी अंकाचा फर्मा छपाईला चढवायच्या आधी मी माझ्या सदराच्या जागेचा कागद जुळाऱ्याच्या हातात दिला. त्यानं चष्म्यातून एकदा वाचला आणि खिळे उचलायला लागला. मजकूर असा होता:

'या सदरात कुरुंदवाड येथील ज्या साबणवाल्या गृहस्थांची हकीकत दिली होती, ते गृहस्थ आम्ही लिहिले त्या वेळी नव्हते. हल्ली आहेत. साबण करतात व हात भाजून घेतात. कौलारू घर, घोडागाडी नाही. मोर नव्हताच. मागील बहुतेक उद्योगी पुरुषही असेच. हे लिहिणाऱ्याने आजवर साबणाची एक वडीही केलेली नाही.'

जुळाऱ्यानं हाक मारली, "लई ओळी कमी पडत्यात! काय घालू?"

"काही घालू नका."

खरं सांगायला फारच थोडी जागा लागली. उरलेला सगळा रकाना कोरा गेला. शनिवारी मालकांनी मला काढून टाकलं, तेव्हा खरं छापल्याबद्दल ते फारसं बोलले नाहीत. कोऱ्या रकान्याबद्दल मात्र अर्धा तास बोलले.

तो अंक घेऊन मी घरी आलो. चाचांनी दाढी झटकली, हातपाय धुतले, घोंगडं अंथरलं. चाची चौकटीत उभ्या राहिल्या. मी मथळ्यापासून सुरुवात केली. मधे सोडलं असतं तर चाललं नसतं. दुरुस्तीवर आलो तेव्हा माझा आवाज इतका बारीक झाला, की चाचा म्हणाले, "मोठ्यानं." मी मोठ्यानं वाचलं. ते म्हणाले, "पुन्यांदा." पुन्हा वाचलं. मग 'हे पत्र अमक्या छापखान्यात छापून प्रसिद्ध केले' ही शेवटची ओळ. चाचांनी अंक हातात घेतला, त्या मजकुरावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काळं लागलं. ते त्यांनी चाचींना दाखवलं.

"शिसं लागलंय ह्येला," ते म्हणाले. "म्हंजे खरं."

उठले, कमानीपाशी गेले, तात ताणून बघितली आणि टोला घातला. टण्ण! चाची घाईघाईनं आत गेल्या. चुलीचा धूर नसताना डोळे पुसत होत्या.

रविवारी बिद्रीचे साडू बैलगाडी जुंपून हजर. चाचा त्यांना म्हणाले, "पावणं, जेवून जावा." जेवण झालं, पानं झाली, कमानीचा विषय कुणी काढला नाही. शेवटी साडूंनी रिकाम्या गाडीकडं बघितलं, तर चाचांनी तीत एक गादी टाकली. "साडूभाऊ, पाठदुखीला बरी." साडू स्वतः पिंजारी. पिंजाऱ्याला गादी भेट! ते गल्लीच्या टोकापर्यंत वळून वळून बघत गेले.

कुरुंदवाडच्या परिटाचं काय झालं म्हणाल, तर माझ्या दुरुस्तीनं त्याचा धंदा बसेल अशी मला धास्ती होती. झालं उलटंच. 'लिहिलं तेव्हा नव्हता आणि हल्ली आहे' असा माणूस बघायला आधीच्या दुप्पट लोक गेले, आणि कुणी गेलं की वडी घेतल्याशिवाय येत नव्हतं. पुढं त्यानं मध घालायचं सोडलं आणि हातांना फडकी गुंडाळायला शिकला, असं कानावर आलं. हे छापलेलं नाही, म्हणून चाचांनी शेवटपर्यंत मानलं नाही.

आळीनं मात्र माझ्याशी बोलणं टाकलं. मास्तर वाटेत दिसले की हात वर करून शाईनं काळी झालेली बोटं दाखवायचे. नोकरी गेलेली, वाचायला अंक नाही, म्हणजे भाडंही थकणार. साडू गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी ट्रंक भरत होतो, तेव्हा खालून हाक आली.

"छापखानं! कुठं चाललास?"

"बघतो कुठंतरी."

"बोर्डिंगच्या गाद्यांचं काम परत आणलंय. माणूस कमी पडतोय. खाली ये आन् कापूस धर."

जगाला धंदा करायला सांगणाऱ्या माणसानं शेवटी एका धंद्यात पाऊल टाकलं, तेही कापूस धरायला. पहिल्या दिवशी मी असा शिंकलो की चाचांचा कापूस माझ्या अंगावर आणि माझा चाचांच्या अंगावर गेला. आम्ही दोघं दोन म्हाताऱ्या मेंढ्यांसारखे दिसत होतो. संध्याकाळी माझ्या हाताला फोड आले. अविश्रांत परिश्रम म्हणजे काय, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते फार लांबलचक असतं. त्याला दोन शब्दांत उरकणाऱ्याला फटके दिले पाहिजेत.

आठ-दहा दिवसांनी, दुपारी गादी शिवताना चाचा दोऱ्याला गाठ मारत एकदम म्हणाले, "छापखानं, मोर खरंच न्हवता व्हय?"

"नव्हता, चाचा."

त्यांनी गाठीचा दोरा दातानं तोडला. मग खाली मान घालूनच म्हणाले, "बाकीचं जाऊ दे. मोर तेवढा ठेवायचा हुतास."

मी सुईत नवा दोरा ओवला. जगात एवढी जागा मोकळी असते, आणि दोन ओळी भरायला म्हणून मी नेमका तो पक्षी उचलला होता.

दुसऱ्या दिवशी बघतो, तर तयार झालेल्या प्रत्येक गादीच्या कोपऱ्यात चाचींनी निळ्या दोऱ्यानं एक पाखरू भरलेलं. आखूड पाय, गोल पोट, मागं तीन टाक्यांचं शेपूट. चाचा एकेक गादी पालथी-उताणी करून कौतुकानं दाखवत होते.

मी निरखून बघितलं. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं. म्हणालो, "चाचा, रागावू नका, पण ही कोंबडी दिसते."

चाचांनी दाढीतला कापूस झटकला.

"कोंबडी हाय म्हणून छापलंय का कुठं?"

"नाही."

"मग मोर."